शंभर नंबरी

मास्तरांना मासा पकडायचा नव्हताच. त्यांना उशीचा अभ्रा शिवायचा होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण तलावाच्या काठावर आज त्यांच्याविषयी जे काही बोललं जातं, त्यात हा अभ्रा कुठेच येत नाही.

मास्तर म्हणजे शिंपी. दुसऱ्या गावात त्यांचं दुकान होतं आणि तिथल्या निम्म्या लोकांच्या कमरा त्यांना तोंडपाठ होत्या. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले. तयार कपड्यांत कंबर लोकांनी कपड्याला जुळवून घ्यायची असते, त्यामुळे मास्तरांचं काम उरलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांनी मशीन टेंपोत घातलं आणि ते थोरल्या बहिणीकडे आमच्या गावात राहायला आले. ही बहीण, म्हणजे ताई, एकटीच राहायची आणि एकटीच बोलायची. मास्तर आल्यानं बोलण्यात काही फरक पडला नाही, फक्त ऐकायला माणूस मिळाला.

आल्याच्या आठवड्यात ताईंनी उशीचा उसवलेला अभ्रा त्यांच्या मांडीवर टाकला. दोरा आणायला मास्तर बाहेर पडले. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली: "सर्व प्रकारचा दोरा मिळेल." या वाक्याच्या आधी 'मासेमारीसाठी' असा एक शब्द होता, तो वरच्या गळक्या पन्हळीनं धुऊन नेला होता. गावातल्या सगळ्यांना तो शब्द ठाऊक असल्यामुळे पुन्हा रंगवायची गरज कुणाला वाटली नव्हती.

मास्तर आत गेले. काउंटरमागे एक बाई मान खाली घालून कसलीशी गाठ मारत होत्या.

"साठ नंबर आहे?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी मान वर केली. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, त्यानंही मान वळवली.

"साठ?"

"साठ."

"रीळ आहे तुमच्याकडे?"

"घरी डबाभर पडलीत," मास्तर म्हणाले. त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. शिवणाच्या दोऱ्याची लाकडी रिळं त्यांनी डबाभर जपून ठेवली होती.

डबाभर रिळं बाळगणारा माणूस बाईंनी आजवर पाहिला नव्हता. काठीला लावायचं रीळ लोक एक घेतात आणि जन्मभर पुरवतात. "आणि गळ?" त्यांनी विचारलं.

आता मास्तरांनी दुकान नीट पाहिलं. भिंतीला टेकलेल्या काठ्या, बरणीतले रंगीत तरंगे, शिशाची वजनं. आपण चुकीच्या दुकानात आलो आहोत हे त्यांना कळलं. त्या क्षणी कुणीही शहाणा माणूस "माफ करा" म्हणून बाहेर पडला असता. मास्तरही पडणार होते. तेवढ्यात बाईंनी मारलेली गाठ ओठांत धरून ओली केली, ओढून पाहिली आणि उरलेला दोरा दातानं तोडला. ज्या माणसानं उभं आयुष्य दोरा दातानं तोडला, त्याला त्या एका हालचालीत काय दिसलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. ते बाहेर पडले नाहीत एवढं खरं.

"गळ कितीचा देऊ?"

"अठरा," मास्तर म्हणाले. मशीनची अठरा नंबरची सुई म्हणजे दणकट, ताडपत्रीतूनही आरपार जाणारी. मासा ताडपत्रीपेक्षा मऊ असावा असा त्यांचा हिशेब होता.

इथं थोडं थांबून शिकवणी घ्यायला हवी. शिवणाच्या दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. मासेमारीच्या दोऱ्याचं बरोबर उलट. वीस नंबर म्हणजे केसासारखा, चाळीस म्हणजे चांगला मजबूत, आणि साठ घेऊन आमच्या तलावावर कुणी गेलं तर लोक विचारतात, म्हैस बांधायची आहे का? गळाचं आणखी उलटं. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते; गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, आणि अठरा नंबरचा गळ मुंगीनं नाकात घालावा एवढा असतो. मास्तरांनी एका दमात दोन्हीकडून चूक केली होती. दोरखंड आणि नथ.

पण बाईंना ती चूक वाटली नाही. त्यांनी मनाशी विचार केला: बारीक गळानं हा माणूस आधी बोटभर मासोळी पकडणार, ती जिवंत आमिष म्हणून लावणार आणि साठ नंबरवर काहीतरी मोठं ओढणार. मोठा गळ त्यानं मागितला नाही, म्हणजे तो घरचा असणार. कमी बोलणाऱ्या माणसाचा हा एक फायदा आहे. उरलेलं लोक स्वतःच भरून घेतात, आणि बहुधा चांगलंच भरतात.

दोरा, गळ आणि सोबत घेतलेली एक काठी यांचे पैसे देता देता मास्तरांचं लक्ष बरणीतल्या शिशाकडे गेलं. "हे तर अंगुस्तान!"

बाई पहिल्यांदाच थोडं हसल्या. "बाबा ओतायचे, फक्त स्वतःसाठी. साचा नव्हता, म्हणून आईचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान घेतलं. आई शेवटपर्यंत शोधत होती."

*

बाईंच्या बाबांची गोष्ट इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

तलावाच्या एका कडेला जुनं पंपहाऊस आहे. पाण्यात उतरलेले त्याचे खांब अजून उभे आहेत. तिथल्या तिसऱ्या खांबापाशी बाबांच्या गळाला एकदा काहीतरी लागलं. आधी जरासं हललं, मग खाली बसलं, आणि चाळीस नंबरचा दोरा टणकन तुटला. बाबा धावत काठावरच्या मंडळींकडे आले आणि म्हणाले, "बोटीएवढा होता!"

बस्स. त्या दिवसापासून माणसाचं नाव गेलं आणि 'बोटीएवढा' राहिलं. दुकान बोटीएवढ्याचं, लेक बोटीएवढ्याची. बाबांनी हट्टानं शंभर नंबरच्या दोऱ्याचं एक बंडल मागवलं होतं. पण ते आलं तेव्हा बाबांचे गुडघे गेले होते, आणि मग बाबाही गेले. ते बंडल दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर राहिलं. बाई दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ पुसत. कुणी कधी मागितलं नाही. आमच्या तलावात शंभर नंबर मागणं म्हणजे बाबांचं खरं होतं असं म्हणणं, आणि तसं म्हणायची कुणाची तयारी नव्हती.

*

घरी मास्तरांनी साठ नंबर अठरा नंबरच्या गळात ओवून पाहिला. जाईना. चष्मा पुसला, दोऱ्याचं टोक ओठात धरलं, उजेडाकडे तोंड केलं. जाईना. दोरा नेढ्यात जात नसेल तर जो उपाय करायचा तो शिंप्याला झोपेतही ठाऊक असतो. बारीक दोरा आणायचा, म्हणजेच मोठ्या नंबरचा.

"काठी कशाला आणलीस?" ताईंनी विचारलं.

"मासे धरायला जाणार आहे."

"तू? तुला साधा माझा शब्द धरता येत नाही. आणि अभ्रा?"

अभ्रा तसाच राहिला. मास्तर रोज तलावावर जाऊन बसू लागले. ऊन लागू नये म्हणून पंपहाऊसच्या सावलीत बसत. गळ ओवला नव्हताच, नुसता दोरा पाण्यात सोडून बसत. काठावरच्या मंडळींचा म्होरक्या म्हणजे एक म्हातारा कंपाउंडर. दवाखाना सुटला तरी निदान करायची सवय सुटली नव्हती. त्यानं लांबून निदान केलं, "माणूस गहन आहे."

चार दिवसांनी मास्तर दुकानात गेले. "ऐंशी आहे?"

बाईंचा हात थांबला. "का? साठचं काय झालं?"

"साठनं जमेना."

बाई काउंटरवर झुकल्या आणि त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "पंपहाऊसपाशी बसता म्हणे तुम्ही."

"हो, तिथंच."

"पाहिलात?"

काय पाहिलं ते मास्तरांना कळलं नाही. पंपहाऊस पाहिलं होतं, ते म्हणाले, "हो, पाहिलं की."

बाईंचा चेहरा उजळला, असं लिहायची पद्धत आहे. पण इथं त्याहून जास्त काहीतरी झालं. त्या सरळ उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, पुन्हा खाली बसल्या, ऐंशी नंबर कागदात बांधायला घेतला आणि दोनदा चुकीचा बांधला. मग म्हणाल्या, "बसा ना जरा. घाई आहे का?"

मास्तर स्टुलावर बसले. गिऱ्हाइकं येत होती आणि प्रत्येकाला बाई तेच विचारत होत्या: पाणी कसलं, तळ कसला, मासा कसला? एक जण गुळगुळीत शांत पाण्यात बसणार होता, त्याला वीस नंबर आणि पिसाचा हलका तरंगा. "पाणी स्वच्छ आहे, जाड दोरा दिसला की मासा मागच्या मागे पळतो." दुसरा नदीच्या वाहत्या धारेला जाणार, त्याला तीस आणि वर शिसं. "नाहीतर तुमचं आमिष पुढच्या गावाला पोचेल." तिसऱ्याला खडकांत टाकायचा होता. त्याला त्यांनी गळाच्या आधी हातभर जाड, चिवट दोरा जोडून दिला, खडकावर घासला तरी टिकेल असा. पाणवनस्पतींच्या गुंत्यात जाणाऱ्याला वेणीसारखा विणलेला, जो ताणला तरी लांबत नाही आणि पाती कापत येतो.

"म्हणजे कापड बघून दोरा," मास्तर न राहवून म्हणाले. "मलमलीला जाड दोरा घातला तर भोकं दिसतात. ताडपत्रीला बारीक घातला तर उसवते."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मला हे असं कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पाणी म्हणजे कापडच की."

मास्तर परत निघाले ते रस्त्यावर चालत होते की कुठे, याबद्दल खात्री देता येत नाही. वाटेत त्यांनी सहज पुडीत बोट घातलं. चाळीस वर्षांचं शिंप्याचं बोट. ते थबकलं. ऐंशी नंबर साठपेक्षा जाड होता!

मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात सगळं उलट्याचं सुलट झालं. शेजारच्या पारावर कंपाउंडर बसला होता. मास्तरांनी त्याला विचारलं, "पंपहाऊसपाशी काय आहे हो?" आणि कंपाउंडरनं बाबांची सगळी गोष्ट, हातवारे करून, बोटीची लांबी दोन्ही हातांनी मापून दाखवत सांगितली. "आणि तुम्ही तर पाहिला म्हणे!" शेवटी तो म्हणाला. कारण तोवर बाईंनी कुणाला तरी सांगितलं होतं आणि त्या कुणीतरी सगळ्यांना.

आता मास्तरांपुढे सरळ प्रश्न होता. जाऊन सांगायचं, बाई, मी शिंपी आहे, मला अभ्रा शिवायचा होता. तेवढंच. पण ते सांगितलं की त्या उजळलेल्या चेहऱ्याचं काय होणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. वरच्या फळीवरचं बंडल तसंच वर राहणार, आणि आपल्याला त्या स्टुलावर बसायला पुन्हा कुणी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते सांगायला म्हणून गेले. इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

"हा शर्ट माशांना दाखवायला का?" ताईंनी दारातून विचारलं. "मासेसुद्धा म्हणतील, पाहुणे आले."

दुकानात बाईंनी त्यांना पाहिलं आणि त्या आधीच हसल्या, दोन्ही डोळ्यांनी. मास्तरांनी वाक्य पाठ केलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"शंभर आहे?"

बाईंनी शिडी आणली, वर चढल्या, बंडल खाली काढलं. पैसे घेतले नाहीत. "हे विकायचं नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी मी पण येते. मोठा गळ मी आणते, बाबांचा दुसरा आहे घरी."

*

रविवारी काठावर एवढी माणसं होती की माशांना बहुमताची भीती वाटावी. मागच्या आठवड्यात पन्नास आणि साठ नंबर गावात मिळेनासा झाला होता. कंपाउंडरनं स्वतः साठ नंबर घेतला होता आणि "माझा विश्वास नाही, नुसता आपला असावा म्हणून," असं तो न विचारता प्रत्येकाला सांगत होता.

शंभर नंबरला काठी लागत नाही, तो हातानंच टाकायचा असतो. बाईंनी तो लाकडी फळीवर गुंडाळून आणला होता. गळ बांधला, ओठांत धरून गाठ ओली केली, टोक दातानं तोडायला गेल्या. शंभर नंबर दातानं तुटेना. मास्तरांनी खिशातली कात्री पुढे केली. बाईंनी फेकला. गळ तिसऱ्या खांबाच्या पलीकडे बुडाला. दोघं शेजारी शेजारी बसली.

पाणी त्या वर्षी बरंच उतरलं होतं. वारा नव्हता. मास्तरांना वाटलं, आता नाही सांगितलं तर आपण कधीच सांगणार नाही.

"बाई, मी काही पाहिलेलं नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. अभ्रा, पाटी, डबाभर रिळं, मशीनची सुई. बाई पाण्याकडे बघत ऐकत होत्या.

"म्हणजे साठ चूक," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"ऐंशी पण चूक."

"हो."

"आणि शंभर?"

मास्तरांनी कात्री परत खिशात ठेवली.

"मी विचारतेय. शंभर मागितलात तेव्हा नंबर उलटे असतात हे माहीत होतं का नव्हतं?"

"होतं. आदल्या दिवशीच कळलं होतं."

"मग का मागितलात?"

"तुम्ही हसलात," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, नाही मागितला तर परत नाही हसणार."

बाई उठल्या. "चला, आवरा," असं पाण्याला सांगावं तसं म्हणाल्या आणि दोरा भराभर ओढायला लागल्या. चार हात आला आणि थांबला.

पुन्हा ओढला. आधी जरासं हललं, मग खाली बसलं.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दोरा धरला. "अहो, हाताला कापेल!" कुणीतरी ओरडलं. मास्तरांनी खिशातून मापाची कापडी पट्टी काढली आणि तळव्याला गुंडाळली. दोघांनी ओढलं. मग कंपाउंडरनं बाईंच्या मागून फळी धरली, त्याला कुणीतरी धरलं, आणि काठावर एक रांग तयार झाली.

"वीस असता तर केव्हाच गेला असता!"

"चाळीस पण गेला असता. तिथं सगळ्यांचेच तुटतात, खडक आहे तिथं."

"खडक हलतो का रे?"

पाणी गढूळ झालं, बुडबुडे आले, आणि वर आलं ते एक लाकडी नाक. शेवाळानं हिरवंगार. त्यामागून एक कड, आणि कडेमागून उरलेली होडी, पंपहाऊस चालू होतं तेव्हाची, कधीतरी बुडालेली आणि विसरलेली. तेवढी वर आली आणि चिखलात टेकून राहिली.

रांगेतल्या माणसांनी दोरा सोडला. मग कंपाउंडरच म्हणाला, "बोटीएवढाच आहे."

पण खरी गंमत पुढे होती. होडीच्या कडेला, फळ्यांच्या फटींत, गावातल्या सगळ्या मंडळींचे तुटलेले गळ, तरंगे आणि शिशाचे गोळे लटकत होते. आजवर या गावात जितके म्हणून 'हा एवढा' मासे दोरा तोडून पळाले होते, ते सगळे इथंच, रांगेत. माणसं पुढे झाली आणि गप्पपणे आपापले ओळखू लागली. एक लाल-पांढरा तरंगा पाहून सगळे कंपाउंडरकडे वळले. त्या माशाची हकिकत त्यानं गावाला बारा-पंधरा वर्षं ऐकवली होती, आणि तो दरवर्षी थोडा वाढत होता.

"तो माझा नाही," कंपाउंडर म्हणाला.

"त्यावर तुमचं नाव आहे."

"एका नावाची माणसं खूप असतात."

मास्तर होडीच्या नाकाशी वाकले होते. तिथल्या फटीत घट्ट बसलेलं काहीतरी त्यांच्या बोटांना लागलं होतं, आणि बोटांनी ते डोळ्यांआधी ओळखलं. त्यांनी ते ओढून काढलं, शर्टाला पुसलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं. अंगुस्तानाच्या आकाराचं शिसं.

बाईंनी मूठ मिटली. काठावर कुणी विनोद केला नाही, हे आमच्या गावात प्रथमच झालं. मग त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाबा खोटं नव्हते हो बोलत!" त्या म्हणत होत्या. "बोटीएवढा होता म्हणाले, तर सगळे हसले. एवढं नेमकं माणूस बोलत नाही कधी!"

त्यांनी डोळे पुसले आणि मास्तरांकडे वळल्या. "आणि तुम्ही. तुम्ही शंभर नंबरी थापाडे आहात."

"हो," मास्तर म्हणाले.

"तो अभ्रा शिवून झाला का?"

"नाही."

"मग दोरा घ्यायला या उद्या. मी आणून ठेवते, तुमच्यातला साठ नंबर."

*

मास्तरांचं मशीन आता त्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. काठ्यांना लागणाऱ्या लांब पिशव्या ते शिवतात, आणि गिऱ्हाईक आलं की दोघं मिळून विचारतात, पाणी कसलं, तळ कसला? ताई रोज दुपारी येऊन स्टुलावर बसतात. "मीच पाठवला होता दोऱ्याला," हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. अभ्रा शिवून झालेला आहे. त्यावर दोन गाठी जास्त आहेत, कारण शिवताना बाई शेजारी होत्या.

मासा? मास्तरांना अजून एकदाच लागला, तो अठरा नंबरच्या गळाला. बोटभर होता. त्यांनी सोडून दिला.

लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी एका पुठ्ठ्यावर शिंप्याच्या खडूनं ठळक अक्षरांत लिहिलं: "मासेमारीच्या दोऱ्याचा नंबर मोठा म्हणजे दोरा जाड. गळाचा नंबर मोठा म्हणजे गळ लहान. चूक करू नये." आणि काउंटरच्या वर लावलं. बाईंनी ते वाचलं, खुर्चीवर चढून काढलं, आणि तोंड भिंतीकडे करून पुन्हा लावलं.

"उलटं का?" मास्तरांनी विचारलं.

"असू दे," बाई म्हणाल्या. "एखाद्याला चुकायचं असेल."